शिळ्या पाण्याचं अळू

सकाळी सहाला आमच्या भिंतीतून पाणी खाली जातं. आधी वरच्या कुठल्यातरी मजल्यावर, मग शेजारी, मग माझ्या उशाशी जो पाइप आहे त्यातून एक सलग, लांब आवाज. मी तेव्हा अर्धवट झोपेत असायचे आणि त्या पाण्यासोबत खाली जायचे. चौथा मजला, तिसरा, दुसरा, पार्किंगच्या फरशीखालचा अंधार, मग मी स्वतः डिझाइन केलेल्या टाक्या, आणि शेवटी कर्दळीच्या मुळांमधून हळूहळू झिरपत उजेडात. तिथे पोचेपर्यंत मला परत गाढ झोप लागलेली असायची. साडेसातला आई पांघरूण ओढायची आणि म्हणायची, उठा सूर्यवंशी. ही माझी रोजची पहाट, आणि ती मला इतकी गोड वाटायची की तो आवाज कसला, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

प्रश्न न पडणं हा माझ्या धंद्यात गुन्हाच आहे. मी सांडपाणी साफ करणाऱ्या यंत्रणा डिझाइन करते. ऑफिस डोंबिवलीत, कामं बहुतेक घोडबंदर रोडवरच्या टॉवरांमधली. तिथलं चित्र बघून माझं डोकं फिरतं. मागच्या बाजूला यंत्रणा कुलूप लावून बंद, वापरलेलं पाणी तसंच गटारात, आणि पुढच्या गेटवर टँकर उभा. एका बाजूनं ओतायचं आणि दुसऱ्या बाजूनं मागवायचं. मी मुळातच तापट, त्यामुळे दोन-तीन सोसायट्यांमध्ये तर माझं भांडणच झालंय. पाण्याला एकदा वापरलं म्हणून हाकलून द्यायचं, ही पद्धत कुठून आली कोण जाणे. आमच्या घरी तरी ती नव्हती.

आमचं आधीचं घर म्हणजे ठाण्यात वर्तकनगरच्या जुन्या कॉलनीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या. मोरीचं पाणी भिंतीतल्या भोकातून मागे जायचं आणि मागे आईची बाग होती. बाग म्हणजे काय, दोन केळी, कर्दळीची रांग आणि खिडकीखाली अळू. आई कोकणातली. तिच्या माहेरी प्रत्येक घरामागे हे असतंच, म्हणून लग्न होऊन इथे आल्यावर तिनं आधी कंद लावले आणि मग संसार मांडला, असं बाबा म्हणायचे. मोरीतून गेलेला थेंब गटारापर्यंत कधी पोचला नाही. दुपारी शाळेतून आले की मी त्या अळूच्या पानांवर पाणी शिंपडून त्याचे मोती इकडून तिकडे पळवत बसायचे. इंजिनिअरिंगला गेल्यावर मास्तर फळ्यावर काय काय काढायचे आणि मला आपलं ते भिंतीतलं भोक दिसायचं.

कॉलनी पाडून टॉवर बांधायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी सह्या केल्या, आई सोडून. बाबा तोवर गेलेले. बिल्डरची माणसं येऊन बसायची, चहा प्यायची, जायची. आई त्यांना नको म्हणायची नाही आणि हो पण म्हणायची नाही, फक्त खिडकीतून मागे बघायची. शेवटी मीच एका संध्याकाळी तिला म्हटलं, आई, सही कर, तुझं अळू मी तुला परत लावून देईन. तिनं विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." तिनं त्याच संध्याकाळी सही केली. तिनं आयुष्यात माझ्याकडे मागितलेली गोष्ट तेवढीच.

मग मी बिल्डरच्या मागे हात धुऊन लागले. आमच्या बिल्डिंगची यंत्रणा मीच करणार आणि मला हवी तशीच करणार. आधी सगळं सांडपाणी एका टाकीत जमा होतं. पुढच्या टाकीत हवा सोडतात आणि तिथे डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते घाण खातात. खाऊन झालं की ते एकमेकांना चिकटून तपकिरी पुंजके होतात आणि तिसऱ्या, शांत टाकीत तळाशी बसतात. वरचं निवळलेलं पाणी खडीच्या वाफ्यात जातं, वाफ्यात कर्दळ. कर्दळीखालून निघालेलं पाणी परत वर चढवून संडासांच्या फ्लशला आणि झाडांना. तळाचा गाळ वाळवून पाल्यात मिसळायचा की खत. काही बाहेर जायचं नाही, काही वाया जायचं नाही. बिल्डरनं दोन गाड्यांच्या जागेसाठी पहिली टाकी लहान करायला लावली. मी पुस्तकातल्या आकड्यांवरून हिशोब करून बघितला, बसत होतं, म्हणून मान्य केलं.

राहायला आलो तेव्हा आईला खाली घेऊन गेले. कर्दळ कमरेएवढी झालेली, लाल-पिवळी फुलं. ती वाफ्याभोवती एक फेरी मारून आली आणि विचारलं, अळू कुठाय? मी तिला समजावलं की हे सांडपाणी आहे, कितीही साफ केलं तरी यावर वाढलेली भाजी मी कुणाला खाऊ देणार नाही. ती म्हणाली, बरोबर आहे तुझं. तिचं ते ‘बरोबर आहे’ मला अजून ऐकू येतं. शब्द दिला मी, आणि मोडायला पण मीच, वर शास्त्र सांगून. तरी मनाला समजावलं की निदान हिरवा तुकडा तरी तिला परत दिला.

पहिले काही महिने पाणी असं सुंदर निघायचं की मी ऑफिसातल्या लोकांना मुद्दाम दाखवायला आणलं. तेव्हा अर्धी घरं रिकामी होती. दिवाळीनंतर कॉलनीतली जुनी कुटुंबं एकेक करून परत आली, आणि संक्रांतीपर्यंत सगळं बिघडलं. फ्लशला गढूळ पाणी यायला लागलं. वाफ्यातली खडी चिकट गाळानं बुजली. कर्दळ पिवळी पडली आणि पहिल्या मजल्यापर्यंत वास. लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे बघून नाकाला रुमाल लावायचे. लहानपणी ज्यांच्या ओट्यावर मी खेळले त्या बायकांनी आईला सांगितलं, अगं, तुझ्या लेकीला म्हणावं हे खेळ घोडबंदरला कर. सेक्रेटरी म्हणजे आमचे जुने शेजारी, सरळ माणूस, पण त्यांचाही नाइलाज झाला. त्यांनी मला बोलावून सांगितलं की रविवारी सभा आहे, तोवर पाणी सुधारलं तर ठीक, नाहीतर यंत्रणा बंद करायची, वाफा बुजवायचा आणि तिथे गाड्या लावायच्या. आईला हे मी सांगितलं नाही. तिला दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं, आणि त्या दिवशी ती जेवताना म्हणाली, गेलं तर गेलं गं, तू जिवाला लावून घेऊ नकोस.

यंत्रणा सांभाळायला एक मामा होते, खाडीकडच्या गावातले, साठीला टेकलेले, बापजाद्यांची मिठागरं. पाण्याकडे नुसतं बघून ते खारं किती हे सांगणारा माणूस. मी रोज दहा वाजता ऑफिसला जाताना बाटली भरून घ्यायचे, तपासायचे, आणि त्यांच्यावर चिडायचे. हवा कमी सोडली असेल, पंप वेळेवर लावला नसेल, झोपला असाल. ते ऐकून घ्यायचे. दोन-तीनदा म्हणाले, "ताय, सकालचा पानी एकदम निवल येतं. एकदा बगाला या." मी त्यांना उडवून लावलं. गटाराच्या तोंडाला निवळ पाणी येतं म्हणे! मी म्हटलं, मामा, तुम्ही पंपाकडे लक्ष द्या. पंधरा वर्षांचा अनुभव माझ्या तोंडून बोलत होता, आणि अनुभव कधी कधी फार मोठ्यानं बोलतो.

सभेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, पहाटे मी नेहमीसारखी पाण्यासोबत खाली निघाले होते. चौथा मजला, तिसरा. त्या गुंगीत मला एकदम असं वाटलं की हे पाणी आंघोळीचं नाही. आंघोळीचं पाणी तांब्या-तांब्यानं जातं, थांबत थांबत. कपड्यांचं पाणी फेसाचं, जड जातं. हे तर एका दमात जात होतं, भांडं उपडं केल्यासारखं. एक झालं, दुसरं झालं, मग एकदम पाच-सहा घरांतून. इतकं पाणी, आणि आंघोळ कुणाचीच नाही? मी अंथरुणात उठून बसले. गाऊनवर ओढणी घेतली आणि तशीच खाली गेले.

बाहेर नुकतं फटफटत होतं. मामा पहिल्या टाकीपाशी बसलेले. मला बघून त्यांना नवल वाटलं असणार, पण त्यांनी सरळ झाकण उचललं. पाइपातून पाणी धो धो येत होतं आणि ते नितळ होतं. साबण नाही, वास नाही, रात्रीत उपसलेल्या टाकीच्या तळाची वीट दिसत होती. लहान टाकी बघता बघता भरली आणि ते लोंढ्यानं पुढे गेलं. मी धावत तिसऱ्या टाकीकडे गेले. तळाशी निवांत बसलेले माझे तपकिरी पुंजके उठले, वर आले, आणि काठावरून कर्दळीकडे वाहून गेले. असंख्य जीव, रोज पहाटे, माझ्या गोड झोपेच्या वेळी. दहा-पंधरा मिनिटांत जोर ओसरायला लागला. दहा वाजता मी बाटली घेऊन यायचे तेव्हा चोर केव्हाच निघून गेलेला असायचा. मी मामांना म्हटलं, माझं चुकलं, तुम्ही सांगत होता आणि मी ऐकलं नाही. ते म्हणाले, तुम्ही आलात ना आता, झालं.

वर गेले तर स्वयंपाकघरात दिवा. आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती आणि पितळी कळशी सिंकमध्ये ओतत होती. कळशी झाली, मग हंडा. मागे न बघताच म्हणाली, आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं. मी दारातच उभी राहिले. हंडा रिकामा करून तिनं तो आतून विसळला, नळ सोडला, ताजं पाणी भरलं. मग बाथरूममधलं पिंप तिरकं करून अर्धं ओतलं. हे ती रोज करते. मी जन्मल्यापासून करते. आमच्याकडे सगळ्याच करतात. रात्रभर राहिलेलं पाणी शिळं, ते सकाळी टाकायचं, नवं भरायचं, पाहुण्याला काय, घरच्या माणसाला पण शिळं द्यायचं नाही. कॉलनीत पाणी सहाला यायचं, म्हणून ओतायचं पण सहाला. टॉवरमध्येही सोसायटी सहालाच पाणी सोडते, तर सगळी कॉलनी सहाला ओततेय. मी माणशी आंघोळ मोजली, धुणं मोजलं, भांडी मोजली, फ्लश मोजला. ही कळशी कुठल्या पुस्तकात नव्हती, आणि माझ्या डोळ्यांसमोर होती.

मी विचारलं, कॉलनीत हे पाणी कुठे ओतायचीस? ती म्हणाली, अळूला. मी म्हटलं, अळू तर मोरीच्या पाण्यावर होतं ना. त्यावर ती अशी काही वळली की मला वाटलं आता लाटणं घेते.

"मोरीच्या पाण्याचं अळू मी तुला कधी घातलं नाही," ती म्हणाली. "मोरीचं पाणी केळीला आणि कर्दळीला. अळूला रोज कळशीतलं शिळं. खिडकीतून हात काढून ओतायचे, तू बघितलंस की."

बघितलेलं खरंच. खिडकीतून बाहेर जाणारा तो हात, पानांवर पडणारं पाणी, सगळं आठवत होतं, पण ते नुसतं चित्र म्हणून. त्याचा अर्थ मला चव्वेचाळीसाव्या वर्षी कळला. दोन पाणी, दोन वाटा. घाण पाणी वेगळं, नुसतं शिळं वेगळं, ज्याचं त्याला. जी गोष्ट समजावून सांगायला मी मोठ्या मोठ्या सोसायट्यांमध्ये तक्ते लावते ती माझ्या आईनं खिडकीतून हात काढून चाळीस वर्षं केली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मी तिला खाली काय बघितलं ते सांगितलं. ऐकता ऐकता ती स्टुलावर बसली. हातातली कळशी तिनं मांडीवर धरली होती.

"म्हणजे कर्दळीला मीच मारलं का गं?" तिनं विचारलं.

मला रडू आलं. मी म्हटलं, तू नाही, मी. तुझी सवय मला ठाऊक असायला हवी होती. तिला ते पटलं की नाही कळलं नाही. ती बराच वेळ कळशीचा काठ पुसत बसली.

रविवारी सभा पार्किंगमध्ये, लाल प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून. मी मनात ठरवलेलं की नुसतं पहिली टाकी लहान पडली म्हणायचं, म्हणजे आईचं नाव यायला नको. सेक्रेटरींनी विषय मांडला, पाठीमागून दोघं-तिघं तावातावानं बोलले, वास, गढूळ पाणी, गाड्यांना जागा नाही. मी उठणार तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची सरकली आणि आई उभी राहिली. आमच्या कॉलनीच्या कुठल्याच सभेत ती कधी बोललेली नव्हती.

"सकाळी शिळं पाणी कोण कोण ओततं, हात वर करा," ती म्हणाली. "माझा पहिला."

तिचा एक हात वर, दुसरा खुर्चीच्या पाठीवर घट्ट. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग एका कोपऱ्यातल्या आजींचा हात वर गेला. मग त्यांच्या सुनेचा. मग भराभर. सेक्रेटरींच्या बायकोनं हात वर केला, सेक्रेटरी तिच्याकडे बघत राहिले, आणि मग खाली मान घालून त्यांनीही केला. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. आई खाली बसली आणि मला म्हणाली, आता तू सांग.

मी सांगितलं की कुणी सवय सोडायची गरज नाही. कपडे वाळत घालायच्या बाल्कनीतून पावसाच्या पाण्याचा वेगळा पाइप खाली जातो, शिळं पाणी तिथे ओता. तो पाइप मी वाफ्यापलीकडच्या एका टाकीत नेऊन सोडते, ते स्वच्छ पाणी झाडांना जाईल आणि माझ्या टाक्यांना सकाळचा धक्का बसणार नाही. चर्चा बरीच झाली, आमच्याकडे ती होतेच. शेवटी पाडव्यापर्यंत मुदत मिळाली. मामांनी आणि एका प्लंबरनं तीन दिवसांत जोडणी केली. आई स्वतः घरोघरी जाऊन कुठे ओतायचं ते दाखवून आली, लिफ्ट असून जिन्यानं, कारण प्रत्येक मजल्यावर तिला थांबायचं होतं. पाडव्याला मी सकाळी सहाला बाटली भरली. तिच्यातून मामांचा चेहरा स्वच्छ दिसला.

शिळ्या पाण्याच्या टाकीच्या कडेला आईनं कंद लावले. ते तिनं कुठून आणले मला माहीत नाही, विचारल्यावर म्हणाली, कॉलनी पाडताना काढून ठेवलेले, एका मैत्रिणीच्या कुंडीत होते. म्हणजे तिनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि कंदही ठेवले. श्रावणात पानं सुपाएवढी झाली. तिनं पहिली जुडी स्वतः कापली, चिंच, गूळ, शेंगदाणे घालून भाजी केली, एक वाटी मामांकडे पाठवली. मी पहिला घास घेतला आणि घसा किंचित खाजला, पूर्वी खाजायचा तसाच. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, दिलं बघ तुला. ती म्हणाली, कोणी कोणाला?

या हिवाळ्यात तिचे गुडघे धरले. सहाला तिच्यानं उठवत नाही, म्हणून आता मीच उठते. सूर्यवंश माझ्यापाशी संपला. कळशी घेऊन बाल्कनीत जाते, ओतते, पाणी खाली उतरत जातं. आतून तिचा झोपेतला आवाज येतो, "गेलं का गं?" मी म्हणते, "गेलं." परवा मला म्हणाली, तुला हसू येईल, पण पहाटे त्या पाण्याबरोबर मी खाली उतरते, एकेक मजला, गुडघा जरा दुखत नाही, आणि अळूपाशी पोचले की झोप लागते. मला हसू आलं नाही. मी पण तशीच जायचे, हे तिला सांगायचं राहूनच गेलं. मी कळशी विसळली आणि ताजं पाणी भरलं.